पिग्मीची वही, भिंतीवरचे कॅलेंडर: ठाण्यातील एका पतसंस्थेचे प्रकरण

१० ऑक्टोबर २०२४, गुरुवार. नवरात्र चालू होते, दिवाळीला तीन आठवडे होते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत कोथिंबीर-पुदिना विकणाऱ्या एक मावशी पतसंस्थेच्या शाखेत आल्या आणि पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, वही काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "खातं बंद करायचंय." एवढ्या वर्षांत त्यांना शाखेची पायरी चढावी लागली नव्हती. एजंट रोज पथारीवर यायचा, दोनशे रुपये घ्यायचा, वहीत आकडा लिहायचा, आणि दिवाळीच्या आधी जमलेली रक्कम रोख आणून हातात ठेवायचा. या वेळी तो चार दिवसांपासून डेंग्यूने रुग्णालयात होता.

वहीत ६१,४०० रुपये होते. संगणकावर ४३,८००.

क्लार्कने सांगितले की वही हाताने लिहिलेली आहे, संस्थेच्या खतावणीत, म्हणजे संगणकातल्या खात्यांच्या हिशेबात, दिसते तेवढेच मिळेल. मावशी भांडल्या नाहीत. "मग मी खोटं बोलते का?" एवढेच विचारले आणि मॅनेजर बाहेर येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिल्या. संध्याकाळचा धंदा बुडवून.

त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर कागदावर कसे द्यायचे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. मी ठाण्यात लेखापरीक्षणाचे काम करते आणि आमच्याकडच्या मुलामुलींना फसवणुकीच्या तपासाचे काम शिकवते. प्रशिक्षणात हे प्रकरण मी पहिल्या दिवशी घेते. संस्थेचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, ओळख पटेल असे काही तपशील आणि आकडे बदलले आहेत.

आधी थोडा हिशेब

दोनशे रुपये रोज, ३०७ दिवस: ६१,४००. संगणकात २१९ दिवस जमा. म्हणजे ८८ दिवसांचे १७,६०० रुपये वाटेतच राहिले.

पिग्मी ही योजना आपल्याकडे जुनी आहे. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, रोज दोन-दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली. ज्याची कमाई रोजची, त्याची बचतही रोजची, हा विचार होता आणि तो आजही खरा आहे. मंडईतल्या बाईला महिन्याच्या एक तारखेला सहा हजार काढून ठेवता येत नाहीत, रोज दोनशे ठेवता येतात. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे जे संरक्षण असते, ते पतसंस्थेच्या ठेवीला नाही. वहीतला आकडा आणि संस्थेची पत, एवढ्याच दोन गोष्टींवर मावशींचा पैसा उभा होता.

पहिला फोन आणि आमची चूक

त्याच दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. मी म्हणाले, "उद्या सकाळी येते." हे वाक्य अपुरे होते. "तोवर कशालाही हात लावू नका, एजंटचे मशीन बंद असेल तर बंदच राहू द्या," हे मी सांगायला हवे होते.

एजंटच्या पत्नीने संध्याकाळी त्याची पिशवी शाखेत आणून दिली. शाखेतले सगळे त्यांना वहिनी म्हणत. पिशवीत पावत्या छापणारे मशीन होते, ७,१५० रुपये रोख होते आणि ठेवीदारांच्या २२ वह्या होत्या. क्लार्कने मदत म्हणून मशीन चार्जिंगला लावले आणि नेहमीच्या सवयीने संगणकाला जोडले. एजंटने रविवारी, ६ तारखेला, अंगात ताप असताना अर्धीच फेरी मारली होती. त्या ४६ पावत्या मशीनमध्ये होत्या. त्या संगणकात चढल्या, १० तारखेच्या नावाने चढल्या, आणि मशीनमधून पुसल्या गेल्या.

क्लार्कचा हेतू वाईट नव्हता. पण उद्या न्यायालयात कोणी विचारले की एजंट रुग्णालयात असताना त्याच्या मशीनमधून भरणा कसा झाला, तर सगळ्या नोंदींवर शंका येते. आम्ही ठेवीदारांकडे असलेल्या छापील पावत्या गोळा करून त्यातल्या २९ नोंदींची मूळ तारीख-वेळ परत उभी केली. १७ राहिल्या त्या राहिल्या. हे सगळे, आमच्या अपुऱ्या सूचनेसह, अहवालात लिहिले. आता आमच्याकडे पहिल्या फोनवर काय बोलायचे याचा कागद टेबलाच्या काचेखाली असतो.

पिशवीचे मात्र नीट झाले. दुसऱ्या दिवशी वहिनी, दोन संचालक आणि मी, अशा चौघांसमोर एकेक वस्तू काढून यादी केली, वह्यांच्या पानांचे फोटो घेतले, सह्या घेतल्या. मशीन आणि शाखेच्या संगणकातली फाइल यांची प्रत काढून तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणावा असा, फाइल जरा बदलली की बदलणारा एसएचए-२५६ पद्धतीचा आकडा, लिहून ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल नोंद पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश लिहायचा असतो. प्रत आधी काढून हॅश सहा महिन्यांनी लिहिला तर त्याला अर्थ राहत नाही.

आकडे काय म्हणाले

या एजंटकडे २१४ चालू खाती होती. रोजचा भरणा सरासरी ३०,००० रुपये. कमिशन तीन टक्के. अकरा वर्षांत त्याने एकही दिवस रजा घेतली नव्हती, आणि वार्षिक सभेत याबद्दल त्याचा सत्कारही झाला होता. रजा न घेणारा माणूस प्रामाणिक नसतो असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातातून पैसा जातो, त्याच्या जागी वर्षातून आठ दिवस दुसऱ्या कोणी फिरले पाहिजे. हे प्रकरण त्याच्या आजारपणातच उघडे पडले, आधीच्या एकाही लेखापरीक्षणात पडले नव्हते.

कामावर माझ्याबरोबर दोघे होते. एक ऐरोलीचा मुलगा, नुकताच सनदी लेखापाल झालेला, ज्याने आयसीएआयचा, म्हणजे सनदी लेखापालांच्या संस्थेचा, फॉरेन्सिक अकाउंटिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला होता. दुसरी कळव्याची मुलगी, आमच्याकडे आर्टिकलशिपच्या, म्हणजे सनदी लेखापाल होण्यासाठीच्या उमेदवारीच्या, दुसऱ्या वर्षाला.

मुलाने पहिल्याच रात्री सगळ्या भरण्यावर बेनफर्डची कसोटी लावली. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लॉगॅरिथमच्या पुस्तकाची सुरुवातीची, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, पाने जास्त मळलेली पाहिली होती. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डने हजारो आकड्यांवर तेच दाखवले: नैसर्गिकपणे जमलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३०.१ टक्के असते, आणि ९ असण्याचे फक्त ४.६ टक्के. या भरण्यात १, २ आणि ५ सोडून बाकी अंक जवळजवळ नव्हतेच. सकाळी तो आनंदाने म्हणाला, "मॅडम, सापडलं. आकडे बनावट आहेत."

मी त्याला शाखेतल्या दुसऱ्या एजंटच्या भरण्यावर तीच कसोटी लावायला सांगितले. तिथेही तेच आले. पिग्मीचे आकडे माणसाने ठरवलेले असतात. कोणी पन्नास भरतो, कोणी शंभर, दोनशे, पाचशे. तिथे ३ किंवा ७ येणार कुठून? बेनफर्ड खर्चाच्या बिलांवर, विक्रीच्या रकमांवर चालतो. ठरलेल्या हप्त्यांवर चालत नाही. अभ्यासक्रमात ही मर्यादा शिकवतात, त्यानेही वाचली होती. पण हातात नवे हत्यार असले की ते वापरून पाहण्याची घाई होते, आणि ती घाई एखाद्या निर्दोष माणसावर शेकू शकते. त्या दिवशी दुसरा एजंट निष्कारण संशयित ठरला असता.

खरा प्रश्न मुलीने विचारला. "खातं बंद होताना ठेवीदाराला वहीतली पूर्ण रक्कम मिळत होती ना? मग खतावणीत कमी असताना वरचे पैसे एजंटकडे त्या दिवशी कुठून यायचे?"

यावर आमचे पुढचे तीन दिवस गेले. शाखेची पद्धत अशी होती की एजंट ठेवीदाराची स्लिपवर सही आणायचा आणि रोख एजंटच्याच हाती दिली जायची. मॅनेजरचे म्हणणे, मंडईतली माणसे धंदा सोडून येत नाहीत, ही त्यांची सोय आहे. पण तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९टी प्रमाणे वीस हजार किंवा त्यावरची ठेव रोखीने परत देता येत नव्हती, ती धनादेशाने किंवा बँक खात्यातूनच द्यावी लागत होती. तो नियम पाळला असता तर कमी रकमेचा धनादेश ठेवीदाराच्या हातात पडला असता, आणि हे सगळे पहिल्याच वर्षी उघडे पडले असते.

खतावणीत ४३ हजार, वहीत ६१ हजार. वरचे १७ हजार एजंट त्याच दिवशी गोळा केलेल्या पैशातून देत असणार, असा आमचा अंदाज. म्हणजे त्या दिवशी त्याचा भरणा घसरायला हवा. एप्रिल २०२३ पासून असे ५७ दिवस निघाले, ज्या दिवशी त्याच्यामार्फत एखादे खाते बंद झाले. त्यातल्या ४४ दिवशी भरणा ३०,००० वरून सरासरी १९,००० वर आला होता. पाऊस, बंद, सण, अमावास्या अशी कारणे असू शकतात म्हणून त्याच दिवसांचा शाखेतल्या इतर दोन एजंटांचा भरणा काढला. त्यांचा घसरला नव्हता. याची टोपी त्याला, आणि त्याची टोपी तिसऱ्याला, असे ते चालले होते.

आणखी एक गोष्ट मुलाने शोधली, आणि त्याची आदल्या दिवशीची खंत तिथे गेली. मशीनच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ होती. १०४ खात्यांच्या नोंदी दिवसभर विखुरलेल्या होत्या, सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत. ती मंडळी पैसे देताना छापील पावती मागून घेणारी. उरलेल्या ११० खात्यांच्या नोंदी रोज संध्याकाळी साडेसात ते आठ या वेळात एका दमात भरलेल्या. म्हणजे दिवसा वहीत हाताने लिहायचे आणि संध्याकाळी मशीनमध्ये काय भरायचे ते ठरवायचे. कुणाकडे आधी जायचे ते आम्हाला कळले.

मंडईत

दसरा १२ तारखेला झाला. झेंडूच्या धंद्यात कोणाला थांबवून प्रश्न विचारणे बरे नव्हते, म्हणून १४ पासून आम्ही फिरायला लागलो. वेळ दुपारी दोन ते चार, बाजार निवतो तेव्हा.

ठेवीदाराला काय विचारायचे आणि कोणत्या क्रमाने, याची तालीम आम्ही कार्यालयात दोनदा केली होती. रोज किती देता? कधीपासून? साधारण किती वाजता येतात? मध्ये खंड पडला का? वही कुणाकडे असते? पैसे कधी काढलेत का? कर्ज घेतलेत का? संस्थेतला आकडा आपण आधी सांगायचा नाही, कारण तो ऐकला की माणूस त्याच्याशी स्वतःची आठवण जुळवायला लागतो. "तुमचे पैसे गेलेत" हे तर तोंडातून जाताच कामा नये. ते खरे आहे की नाही हे अजून ठरलेले नसते, आणि मंडईत ते वाक्य अर्ध्या तासात स्टेशनपर्यंत पोहोचते. दुसऱ्या दिवशी शाखेसमोर रांग लागली तर चांगली चाललेली संस्थाही बसते आणि सगळ्यांचेच पैसे अडकतात.

पण खोटेही बोलायचे नाही. लसूणवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी मुलीला विचारले, "पोरी, तो पळाला काय?" ती म्हणाली, "नाही काका, ते आजारी आहेत, रुग्णालयात आहेत. संस्थेनं आम्हाला सगळ्यांच्या वह्या तपासायला सांगितलंय. तुमची बघू?" सगळे खरे होते आणि जास्तीचे काही नव्हते. काकांनी गल्ल्याखालून वही काढून दिली.

एकूण १७३ जण भेटले. ११२ जणांचा हिशेब तंतोतंत जुळला, ६१ जणांचा नाही. जुळले त्यातले ९७ रोज छापील पावती मागणारे होते. न जुळलेल्या ६१ मध्ये पावती मागणारे फक्त तीन. बाकीचे ५८ म्हणजे "तो आपलाच माणूस आहे" म्हणून पावती न मागणारे, वाचता न येणारे, किंवा वही त्याच्याच पिशवीत ठेवून मोकळे झालेले. ज्यांनी सर्वांत जास्त विश्वास टाकला, त्यांचेच पैसे गेले. हा तक्ता तयार झाला तेव्हा मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

छापील पावत्यांचेही एक शिकण्यासारखे आहे. त्या थर्मल कागदाच्या असतात, उन्हात आणि तेलाच्या हाताने सहा महिन्यांत कोऱ्या होतात. एका वडापाववाल्या दादांनी फार जपून सगळ्या पावत्या लॅमिनेट करून घेतल्या होत्या. गरम रोलरखाली त्या पूर्ण काळ्या पडल्या होत्या. अशी पावती दिसली की तिथल्या तिथे फोटो घ्यायचा, झेरॉक्स काढायची आणि त्यावर ठेवीदाराची सही घ्यायची.

भिंतीवरचे कॅलेंडर

कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूला फुले विकणाऱ्या एक ताई रोज दीडशे रुपये भरत. त्यांची वही एजंटच्या पिशवीतल्या २२ वह्यांपैकी एक होती आणि तिच्यात जूननंतर एकही नोंद नव्हती. "माझ्याकडे काही नाही," असे त्या म्हणाल्या, आणि मग थोडे थांबून, "कॅलेंडरवर मी खूण करते, ते चालतं का?"

घरी कालनिर्णय होते. १ जानेवारी २०२४ पासून, खाते उघडले त्या दिवसापासून, प्रत्येक तारखेच्या चौकटीत लाल पेनाने बरोबरची खूण. पैसे दिले नाहीत त्या दिवशी शून्य. ६ ऑक्टोबरपर्यंतच्या २८० दिवसांत १९ शून्ये. २६१ खुणा गुणिले दीडशे, म्हणजे ३९,१५०. संस्थेच्या खतावणीत २७,००० होते. फरक १२,१५०, म्हणजे ८१ दिवस.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, कॅलेंडरवरच्या टिकमार्कांवर पैसे द्यायचे? आमची खतावणी आहे ना."

हा प्रश्न मी प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ चघळते. खतावणीचे वजन किती? भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २८ सांगते की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंद, संगणकातली असली तरी, पुरावा म्हणून ग्राह्य आहे. पण केवळ तेवढ्यावर कोणावर दायित्व लादता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ३४ होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जैन हवाला डायऱ्यांच्या, म्हणजे नेत्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदींच्या, प्रकरणात त्यावरच बोट ठेवले. वही हिशेबाची वही असली तरी तिच्यातल्या नोंदीला स्वतंत्र आधार लागतो, आणि सुट्या कागदांना तर हिशेबाची वहीच म्हणता येत नाही. तो निकाल राजकारणामुळे गाजला. मला त्यातला लेखापालाला लागू होणारा भाग महत्त्वाचा वाटतो: एकटी नोंद बोलत नाही, तिला शेजारी लागतो.

संस्थेच्या खतावणीला शेजारी कोण होता? तीच माहिती, त्याच एजंटने, संध्याकाळी साडेसातला भरलेली. म्हणजे कोणीच नाही.

कॅलेंडरला मात्र शेजारी होते. ताईंनी शून्ये मांडली होती. खोटा हिशेब रचणारा माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारे १९ दिवस कशाला लिहील? त्यातली सात शून्ये जुलैमधल्या पावसाच्या दिवसांची होती, आणि त्या सातही दिवशी इतर दोन एजंटांचा भरणा पडलेला होता. पेनाची शाई महिन्यागणिक वेगळी होती, एका बैठकीत केलेले काम ते नव्हते. शेजारच्या गजरेवालीने स्वतंत्रपणे सांगितले की एजंट रोज दोघींकडून एकदमच पैसे घ्यायचा, आणि तिच्या छापील पावत्यांच्या तारखा ताईंच्या खुणांशी जुळल्या. आम्ही कॅलेंडरच्या प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो घेतला, पानांच्या मागे ताईंची सही घेतली आणि मूळ कॅलेंडर त्यांच्याकडेच ठेवून "फेकू नका" असे लिहून दिले. त्यावर्षीची दहा कॅलेंडरे आम्हाला अशी मिळाली. नवे वर्ष लागण्याआधी मिळाली हे बरे झाले.

अध्यक्षांच्या दुसऱ्या मुद्द्याला, की वहीत एजंटने लिहिले त्याला संस्था जबाबदार कशी, उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे. कलम २३८ प्रमाणे प्रतिनिधीने मालकाच्या कामाच्या ओघात केलेल्या फसवणुकीचा त्या व्यवहारावर होणारा परिणाम मालकाने स्वतः केल्यासारखाच असतो. वहीवर नाव संस्थेचे, एजंट नेमलेला संस्थेने, ओळखपत्र संस्थेचे. मावशींनी पैसे संस्थेला दिले होते.

कबुलीचा कागद

आम्ही मंडईत फिरत होतो तेव्हा दोन संचालक एजंटला रुग्णालयातून घरी सोडले त्याच संध्याकाळी भेटून आले. "पैसे भरून टाक, पोलिसात जात नाही, विषय इथेच मिटवू," असे सांगून त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतले: मी ९ लाख रुपये खाल्ले. तो कागद त्यांनी मोठ्या आनंदाने माझ्यासमोर ठेवला.

९ लाख हा आकडा कुठून आला, कोणालाच माहीत नव्हते. शिवाय अधिकारातल्या माणसाने आमिष, धमकी किंवा वचन देऊन घेतलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे फौजदारी खटल्यात बाद होऊ शकते. "पोलिसात जात नाही" हे तेच वचन. मी तो कागद पाकिटात बंद केला, तो कसा मिळाला ते लिहिले आणि आमच्या हिशेबात त्यातला एकही आकडा घेतला नाही.

आमची भेट नंतर झाली, शाखेत, दिवसा, त्याचा भाऊ शेजारी बसलेला, मुलगी टिपणे घेत होती. मी म्हणाले, "तुमचा रोजचा दिवस कसा जातो, सकाळपासून सांगा." तो पाऊण तास बोलला. कुठल्या गल्लीतून सुरुवात करतो, कोणाचे पैसे सुटे असतात, कोणाची मुले कुठल्या शाळेत आहेत. मग आपणहून मार्च २०२० वर आला. मंडई बंद, भरणा बंद, म्हणजे कमिशन शून्य. लोकमान्य नगरातल्या खोलीचे भाडे थकलेले. आधी गोळा झालेल्या पैशांतून तीन हजार काढले. "उसने घेतले होते मॅडम. परत टाकणारच होतो." पुढे एका भिशीत पैसे बुडाले. मग एकाचे खाते बंद करायला दुसऱ्याचे, चार वर्षे.

'उसने' हा शब्द मुलीने वहीत अधोरेखित केला. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अपहाराच्या गुन्ह्यातल्या कैद्यांशी बोलून हेच मांडले होते: कोणाला सांगता न येणारी अडचण, हाताशी असलेली संधी, आणि मनाची समजूत घालणारा एखादा शब्द. तो शब्द बहुतेकांच्या बाबतीत 'उसने' हाच होता. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटले, आजही वाटते. पण पहिल्या तीन हजारांच्या वेळी त्याने शाखेत येऊन उचल मागितली असती, किंवा संस्थेने त्या महिन्यांत एजंटांना काही आधार दिला असता, तर पुढचे घडले नसते. हे मी अहवालाबाहेर संचालक मंडळाला स्पष्ट सांगितले.

एक गोष्ट त्याने ठामपणे नाकारली. सात ठेवीदारांच्या नावावर एकूण २,३५,००० रुपयांचे ठेवतारण, म्हणजे ठेव तारण ठेवून घेतलेले, कर्ज होते आणि सातही जण म्हणत होते, आम्ही घेतलेले नाही. तीन व्हाउचरवर सहीच्या जागी अंगठे होते, आणि त्यातल्या दोन ठेवीदारांना सही करता येते. संस्थेकडे नमुना सही आहे. एजंट म्हणाला, ती व्हाउचर मॅनेजरने भरली. मॅनेजर म्हणाले, एजंटनेच आणून दिली. आम्ही कुणाच्याही बाजूने लिहिले नाही. मूळ व्हाउचर हात न लावता प्लास्टिकच्या पाकिटात, सीलबंद.

अहवाल

अहवालात 'चोर', 'दोषी' हे शब्द नाहीत. दोष ठरवणे न्यायालयाचे काम. आमचे काम प्रत्येक खात्यासमोर तीन रकाने भरण्याचे: वहीप्रमाणे किती, संस्थेप्रमाणे किती, आणि फरकाला आधार काय. ६१ खात्यांचा फरक ११,८६,४०० रुपये. मुलाने तक्त्यात ३० जून २०२४ नंतर एक आडवी रेघ मारली, कारण १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्याआधीच्या कृत्यांना भारतीय दंड संहिताच लागते. रेघेच्या वर ६,९२,००० आणि खाली ४,९४,४००. पोलिसांकडे जाताना ही रेघ नसेल तर हिशेब परत करायला लागतो.

आमची नेमणूक संचालक मंडळाच्या ठरावाने झालेली होती. वैधानिक, म्हणजे कायद्याने नेमावे लागणारे, लेखापरीक्षक वेगळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ प्रमाणे गुन्हा दिसल्यास सहकारी संस्थांच्या निबंधकांना विशेष अहवाल देणे आणि त्यांच्या लेखी परवानगीने प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) दाखल करणे ही जबाबदारी त्यांची. आमची कागदपत्रे त्यांना दिली. पुढचे काम आता पोलिसांकडे आहे.

कोथिंबीरवाल्या मावशींना दिवाळीआधी ४३,८०० मिळाले. उरलेल्या १७,६०० साठी जानेवारी उजाडला. संचालक मंडळाने आमचा तक्ता मान्य करून ठराव केला तेव्हा धनादेश निघाला. फुलवाल्या ताईंचे १२,१५० त्याच ठरावात.

राहिली न भेटलेली ४१ खाती. कोणाची पथारी पालिकेने हलवलेली, कोणी गावी गेलेले, कोणाचा फोन बंद. संस्थेचे काम आमच्या नेमणूकपत्राप्रमाणे संपले होते, पण मुलगी म्हणाली, ती रविवारी कळव्याहून येते-जातेच, विचारत राहील. फेब्रुवारीपर्यंत तिने ३४ जण गाठले. त्यातल्या नऊ जणांचे १,३८,२०० कमी निघाले. पुरवणी अहवाल दिला, एकूण आकडा १३,२४,६०० झाला. सात खात्यांचे मालक अजून मिळालेले नाहीत. त्यांच्या रकमा संस्थेने वेगळ्या खात्यात बाजूला ठेवल्या आहेत, आणि सात नावांची यादी मंडईतल्या लसूणवाल्या काकांकडे आहे.